सल्ला हवा: 15 वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा, आवाजाची धास्ती. ऑक्युपेशनल थेरपी की सीबीटी?

केवडा: मुलगा 15 वर्षांचा, ऑटिस्टिक. एरवी छान बोलतो, पण ताण आला की शब्द फुटत नाही. शाळेच्या स्वच्छतागृहात हँड ड्रायर बसवलाय. त्या आवाजापायी तो दिवसभर तिकडे फिरकत नाही, म्हणून पाणीही पीत नाही. आता आदल्या रात्रीपासूनच पोटात गोळा येतो. आम्हाला एकाच थेरपीचा खर्च झेपेल, तोही महिन्यातून दोनदा. ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून करून घेतात ती) घ्यावी की सीबीटी (धास्तीमागचे विचार आणि वागणं बदलायला शिकवतात ती)? वस्तू सुचवू नका प्लीज, हेडफोन घरात आहेत.

रानवाट: जड पांघरूण घ्या, आत वजन भरलेलं असतं ते. आमच्या लेकीचा जीव त्यानेच शांत झाला. चांगल्यातलं घ्या, पैशाकडे बघू नका.

तिसरा_प्रहर: ताईंनी वस्तू नको म्हटलंय. शिवाय 2014 मध्ये 67 ऑटिस्टिक मुलांवर अभ्यास झाला होता, जड पांघरुणाने झोप वाढली नाही.

रानवाट: त्याच अभ्यासात मुलांना आणि पालकांना ते जास्त आवडलं होतं, हेही लिहा की. आवडतं म्हणजे काहीतरी मिळत असणारच.

झोका: ऑक्युपेशनल थेरपीच घ्या, पण आठवड्यातून तीनदा तरी हवी. महिन्यातून दोनदा जाऊन काय होणार? आमचा सहा वर्षांचा मुलगा आता केस कापून घेतो. आधी कात्री दिसली तरी घर डोक्यावर घ्यायचा.

तिसरा_प्रहर: सहा आणि 15 मध्ये फरक आहे. ब्रिटनमध्ये 4 ते 11 वयाच्या 138 ऑटिस्टिक मुलांची चाचणी झाली, निष्कर्ष 2022 मध्ये आले. संवेदी एकात्मता थेरपीने (ऑक्युपेशनल थेरपीतलाच प्रकार, स्पर्श-आवाज-हालचालींशी जुळवून घ्यायला शिकवणारा) चिडचिड आणि आक्रमकपणा नेहमीच्या सेवेपेक्षा जास्त कमी झाला नाही. उलट 2020 च्या अमेरिकेतल्या चाचणीत 167 मुलं होती. त्यात ऑटिझमसाठी मुद्दाम बदललेली सीबीटी साध्या सीबीटीपेक्षा सरस ठरली. माझं मत सीबीटी.

झोका: चिडचिड मोजायची कशाला? केस कापू देतो का, दात घासू देतो का, ते मोजा. घरात जे अडलंय ते सुटलं की झालं.

पाणपोई: थेरपीचं नंतर. लघवी तुंबवणं आणि पाणी न पिणं आधी डॉक्टरांना सांगा. जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठही वाढतं. कानही तपासून घ्या.

अबोली7: हेडफोन बंद करा. कानाला सवयच लागते. आणि जड पांघरुणाला माझंही अनुमोदन.

काठावरचा: मी स्वतः ऑटिस्टिक आहे, म्हणून लिहितो. हेडफोन बंद करू नका. दिवसभर कानावर ठेवले तर आवाज आणखी बोचतात हे खरं, पण नेमक्या जागी लागतातच. माझ्या लहानपणी मला आवाजाजवळ उभं करून "होईल सवय" म्हणायचे. सवय झाली नाही, मी फक्त रडणं लपवायला शिकलो.
मुलाच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या करा. ड्रायरचा आवाज त्याला खरोखर दुखतो, तो शाळेने बंद करावा किंवा त्याला दुसरं स्वच्छतागृह द्यावं. पण "आत कुणी असेल का, अचानक सुरू होईल का" ही धास्ती निराळी. माझा जास्त वेळ ह्या वाट बघण्यातच जायचा. तिच्यावर सीबीटीत काम होतं, आणि त्याला महिन्यातून दोन सत्रं अगदीच कमी नाहीत, मधल्या दिवसांत घरी सराव केला तर. थेरपिस्टला पहिलाच प्रश्न विचारा, आवाज सहन करायला लावणार का? "हो" म्हणाले तर उठून या.

झोका: हे पटलं. पण काही झालं तरी ऑनलाइन नको, समोर बसल्याशिवाय मुलं मोकळी होत नाहीत.

तिसरा_प्रहर: ऑनलाइन नको, +1.

रानवाट: +1. आमचे ते पैसे वायाच गेले.

केवडा: सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांकडे जाऊन आलो. शाळेने कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह वापरायची परवानगी दिली, तिथे ड्रायर नाही. थेरपीचं लेकालाच विचारलं. तो म्हणाला, समोर माणूस असला की मला बोलता येत नाही, मी टाइप करीन. तर ऑनलाइनच ठरवलंय, कॅमेरा बंद, तो लिहून उत्तरं देणार. थेरपिस्टना काठावरचा यांचा प्रश्न विचारला, त्या "नाही" म्हणाल्या. तुम्हा तिघांचं ऐकलं नाही, पण सत्र त्याचं आहे. पहिलं पुढच्या आठवड्यात.

रानवाट: ठीक. पांघरुणाचा तरी विचार करा.