पावसाळ्यात बेटावरचं लग्न: तुमचे अनुभव लिहा

इंदिरानगरकर काकू
मृग लागायच्या आत रेशमी कपड्यांना ऊन दाखवायचं म्हणून काल माळ्यावरची पेटी काढली. तळाशी लेकीच्या लग्नातला अंतरपाट निघाला. कुंकवाचं स्वस्तिक ओघळून गुलाबी डाग झालाय. खालच्या काठावरून हात फिरवला तर शिवणीत अजून वाळू. तिथेच बसून राहिले.

जून 2019, हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. जावई तिथे डायव्हिंग शिकवायचे. पाऊस लागला की त्यांचं काम बसतं, म्हणून लग्नाला सवड मिळणार ती पावसातच. नातेवाइकांनी परोपरीने सांगितलं, अंदमानात पाऊस केरळच्याही आधी पोचतो, मे संपायच्या आत. तरी आम्ही 38 माणसं घेऊन निघालो.

पावसाचं काही वाटलं नाही हो, आपण नाशिकची माणसं. अडवलं ते समुद्राने. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकची बोट दोन-अडीच तासांची. सकाळी धक्क्यावर गेलो तर समुद्र खवळलेला, फेऱ्या बंद. नवरी पलीकडे; गुरुजी, रुखवत आणि निम्मं वऱ्हाड अलीकडे. धाकटे दीर आधीपासून पाठीस लागले होते, "वहिनी, एक दिवस हातचा ठेवा." मी खर्चावरून त्यांच्याशी वाद घातला होता. त्याच एका दिवसामुळे लग्न वेळेवर लागलं.

त्या रिकाम्या दिवशी आमचे मामा सेल्युलर जेल बघायला गेले. ते भगूरचे, तेव्हा वय 81. सावरकरांच्या कोठडीसमोर गजाला हात लावून उभे राहिले ते अर्धा तास हललेच नाहीत. परत येताना अंगणात भर पावसात छत्री हातात तशीच मिटलेली.

मुहूर्त गोरज. नाशिकला जूनमध्ये सूर्य सात-सव्वासातला मावळतो, तिकडे साडेपाच-पावणेसहालाच. घड्याळ एकच, पण सूर्य दीड तास पुढे. आमच्या गुरुजींनी निघण्यापूर्वीच तिथल्या सूर्यास्तावरून गणित मांडलं होतं, नाहीतर गोरज म्हणून काळोखात उभे राहिलो असतो. तिसरं मंगलाष्टक चालू असताना सर आली. अंतरपाट धरलेले दोघं जागचे हलले नाहीत. अक्षता ओल्या होऊन तळहाताला चिकटल्या, त्या बोटाने सोडवून सोडवून टाकल्या लोकांनी.

एकच सल राहिला. सासूबाई गुडघ्यांमुळे नाशिकलाच राहिल्या. व्हिडिओवर नातीचं लग्न दाखवू म्हटलं होतं. तेव्हा चेन्नईहून समुद्राखालची केबल यायची होती (ती ऑगस्ट 2020 ला सुरू झाली), चित्र म्हणून येईना. साधा फोन लागला, त्यावर त्यांनी शेवटचं "शुभमंगल सावधान" आणि पाऊस ऐकला. पुढच्या वर्षी त्या गेल्या.

शेजारच्या मुलीचं असंच काही ठरतंय, रोज विचारते. तुमच्यापैकी कुणी केलंय का? सविस्तर लिहा.

जास्वंद_27
काकू, अक्षतांचं वाचून डोळे भरले. सावकाश लिहिते, कुकर लावलाय.

सातपूरचा सागर
बाली. जानेवारी. तिकडे पावसाळा नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आपल्याकडची लग्नसराई आणि त्यांचा पाऊस एकाच वेळी. हे तारीख पक्की झाल्यावर कळलं. वर छत घेतलं ताडपत्रीसकट, पण जमीन विसरलो. पाणी वरून आलंच नाही, उतारावरून आलं, खालून. होमाच्या विटांखाली तळं. हॉटेलच्या पोरांनी धावत जाऊन जुन्या दाराच्या फळ्या आणल्या, त्यावर लाजाहोम झाला. ज्यांचं व्हायचंय त्यांनी वीतभर उंच फळ्यांचा ओटा आधीच सांगून ठेवा, छताइतकाच गरजेचा आहे.

तिथे पाऊस थोपवणारे लोक असतात, पावांग हुजान म्हणतात. आमच्यासाठी एक आजोबा पहाटेपासून उदबत्ती लावून बसलेले. निघताना आईने त्यांना वाकून नमस्कार केला. भाषा कुणालाच कळत नव्हती.

मखमलाबाद रोड
खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ नका!! आमच्या ओटीच्या सगळ्या मुंबई विमानतळावर काढून घेतल्या. सुकं खोबरं तेलकट, पेट घेतं म्हणून चेक-इनलाही चालत नाही. कापूरही नाही. नंतर तिथल्या बाजारात फिरफिर फिरलो.

जास्वंद_27
झाला कुकर. आमचं श्रीलंका, जुलैचा पहिला आठवडा. नैऋत्य किनाऱ्यावरच्या बेंटोटाला ठरलं होतं, आगाऊ रक्कमही भरलेली. भावाने नकाशा पुढ्यात टाकला नि म्हणाला, ताई, नैऋत्य मोसमी वारे मे ते सप्टेंबर ह्याच बाजूला आदळतात, मधे डोंगर आहेत, पूर्व किनाऱ्याला तेव्हा कोरडं असतं. अगदी आपलं इगतपुरी आणि येवला. एकाच जिल्ह्यात एकीकडे भात तरंगतोय, दुसरीकडे टँकर. मग सगळं पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीला हलवलं. कोलंबोहून गाडीने जवळजवळ अख्खा दिवस जातो, म्हाताऱ्या माणसांचे हाल झाले खरे, पण लग्नात थेंब नाही. कोणेश्वराचं देऊळ कड्यावर, खाली समुद्र. आई म्हणाली, त्र्यंबकेश्वराला सांगून आले होते, इथेही तोच भेटला.

आगाऊ रकमेतली निम्मीच परत मिळाली, ते सोडून द्या.

पैठणीवेडी
येवल्याचं नाव आलं म्हणून लिहिते. पावसात भिजलेली पैठणी घडी करून बॅगेत कोंबू नका, हात जोडते. माझ्या बहिणीची मोरपंखी होती, दोन दिवस तशीच राहिली, काठाचा रंग पदरात उतरला आणि जर काळवंडली. ओली झाली की लगेच सुती पंचावर पसरायची, सावलीत, पंख्याखाली, पिळायची नाही. आणि डांबरगोळ्या जरीजवळ कधीच नकोत.

मखमलाबाद रोड
@पैठणीवेडी खाऱ्या वाऱ्याने पण जर जाते का?

पैठणीवेडी
दमट हवा लागतेच तिला. आल्यावर एकदा मोकळी पसरून ठेवायची, मगच सुती कापडात.

भिक्षुकाची लेक
पंचवटीत वाढले, घरात दिवसभर पंचांग. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, त्यामुळे बहुतेक घरांत लग्नं आषाढीच्या आत किंवा तुळशीच्या लग्नानंतर. काही पंचांगांत गौणकालातले, म्हणजे अडचणीला घ्यायचे, मुहूर्तही देतात, ते आपापल्या गुरुजींना विचारा. 2024 ला शुक्राच्या अस्ताने मे-जून जवळजवळ मुहूर्ताविनाच गेले होते. 2026 ला अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून, आणि आषाढी 25 जुलैला. मधे हातात फार थोडे दिवस. हॉटेलवाल्याशी बोलण्याआधी पंचांग उघडा, एवढंच. काकू, सूर्यास्ताचं गणित करणारे तुमचे गुरुजी जाणते होते. वडिलांना वाचून दाखवलं, ते खूप खूष झाले.

कॉलेजरोडवाली
आम्ही अजून ठरवतोय, मालदीव का अंदमान. मी हो म्हणते, बाबा नाही म्हणतात. आजी 79. वाचते आहे सगळं.

सातपूरचा सागर
आजी येणार असतील तर बोटीचा प्रवास आधी बघा. मालदीवला सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. दुपार टळून माले गाठलीत तर लांबच्या बेटावर जायला दुसरा दिवस उजाडतो. आणि तिकडेही मे ते ऑक्टोबर पाऊसच.

गंगेवरचा
बेट-बिट नाही आमचं, पण पावसाचं म्हणून लिहितो. भावाच्या लग्नानंतर गंगापूजनाला सगळे गोदावरीवर रामकुंडावर निघालो आणि धरणातून पाणी सोडलेलं. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी. नवी वहिनी सोलापूरची, तिने असलं कधी बघितलेलं नाही. काठावरून लांबूनच हळदकुंकू सोडलं, तिने माझ्या आईचा हात घट्ट धरला होता. अजून पूर आला की दोघी मिळून बघायला जातात.

जास्वंद_27
किती छान. आमच्याकडे पूर आला की सासरे मारुतीची कंबर, छाती, गळा असं फोनवर गावभर सांगतात.

नोंदणीवाला दादा
परदेशात लग्न करणाऱ्यांनी नोंदणी नाशिकलाच उरकून घ्या, सोपं पडतं. स्पेशल मॅरेज ॲक्टने करत असाल तर 30 दिवसांची नोटीस असते, ते दिवस मोजून तिकिटं काढा. भाचीचं इथेच अडकलं होतं.

कॉलेजरोडवाली
काकू, एक विचारू? आजीला नेऊ की नको? तुम्ही मनापासून सांगा.

इंदिरानगरकर काकू
अगं बाळा, मी तुझ्या जागी असते तर लग्न दोन भागांत केलं असतं. देवक, ग्रहमख, हळद, सीमांतपूजन सगळं इथे घरी, आजीच्या समोर, तिच्या हातून घाणा भरून घेऊन. तिकडे फक्त अंतरपाट आणि सप्तपदी. माझ्या सासूबाईंनी हळदसुद्धा बघितली नाही, कारण मला सगळं एकाच ठिकाणी हवं होतं. आता केबल आली, चित्र दिसेल, पण हळद लावायला हात जवळ लागतो ना. बाबांना म्हणावं, पावसाचं भिऊ नका, बोटीसाठी एक दिवस जादा धरा.

कॉलेजरोडवाली
आत्ता आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणते, घाण्याची मुसळं माझ्याकडे आहेत, आईची. उद्या काढते.

मखमलाबाद रोड
सकाळी सहाची फ्लाइट आहे मुंबईहून, पावसात कसारा घाट आहे तर किती वाजता निघावं? की आदल्या रात्रीच जाऊन ठाण्याला थांबावं?

सातपूरचा सागर
आदल्या रात्रीच. धुक्यात घाटात ट्रक बंद पडला की संपलं. समृद्धीने इगतपुरीहून आमण्यापर्यंत घाट टळतो, पण पुढे भिवंडी आहेच.

पैठणीवेडी
काकू, तो अंतरपाट धुऊ नका हं.

इंदिरानगरकर काकू
नाही गं. लेक दिवाळीला येतेय, तिला आहे तसाच दाखवायचाय.