स्कायरिम ही व्हिडिओ गेम संपली. चाहत्यांनी बनवलेल्या कोणत्या लेव्हल खेळू? ड्रॅगन असला तर उत्तम, लॅपटॉप जुना

मांजराकाठचा
राम राम मंडळी. लातूरकडून लिहायलोय. स्कायरिमची मूळ गोष्ट संपवली, आल्डुइन या मुख्य ड्रॅगनला लोळवलं, डॉनगार्ड अन् ड्रॅगनबॉर्न ही जोडकथानकंपण झाली. आता गुहा त्याच, ड्रॉगर (थडग्यातली चालती मढी) तेच. चाहत्यांनी बनवलेल्या लेव्हल खेळाव्यात म्हणून नेक्सस मॉड्स या साइटवर (मॉड म्हणजे चाहत्यांनी गेमला जोडलेली भर) गेलो तर ढिगानं पडल्यात, अन् प्रत्येकीखाली "भारी", "जबरदस्त" एवढंच. आत काय आहे ते कुणी सांगंना.

अडचणी आधीच सांगतो. लॅपटॉप जुना, रॅम ८ जीबी, ग्राफिक्स कार्ड बेताचं. गेम स्पेशल एडिशन, म्हणजे नंतर आलेली आवृत्ती. गावात नेट नुसतं नावाला, म्हणून मोठ्या फायली शहरात मित्राच्या वाय-फायवर उतरवून पेनड्राइव्हनं गावी नेतो. लाइटचा भरवसा नाही. इंग्रजी वाचलेलं कळतं, ऐकलेलं निम्मं डोक्यावरून जातं. एकट्यानं खेळायचं, ऑनलाइन काही नको. गोष्ट पाहिजे, अन् जमलं तर ड्रॅगन पाहिजे. नुसती तलवारच फिरवायची तर मूळ गेम काय वाईट आहे?

परभणीवाला
एंडेराल. धागा बंद करा.

जगात जर्मनी, भारतात परभणी! एंडेराल बनवणारी शुअरएआय मंडळी जर्मनीची, तर शिफारस परभणीहूनच यायला पाहिजे. स्कायरिमचा नुसता सांगाडा घेतला अन् वर अख्खं नवं जग उभं केलं. नकाशा नवा, देव नवे, आपल्या पात्राची ताकद वाढायची पद्धतसुद्धा वेगळी. २०१६ ला आधी जर्मनमध्ये आली, मग इंग्रजीत. ज्याच्याकडं स्कायरिम आहे त्याला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात फुकट. सगळ्या पात्रांना आवाज आहेत. मी तर त्याच्यानंतर मूळ गेम उघडलीच नाही.

शेवंता७२
परभणीवाले दादा, त्यानं काय मागितलंय ते तरी वाचा! एंडेराल मलाही आवडते, पण त्याला ड्रॅगन पाहिजे आणि ती गोष्ट ड्रॅगनची नाहीच. फाइल अवाढव्य, पेनड्राइव्हवाल्यानं काय करायचं? शिवाय गोष्ट उदास आहे. नकाशावर बोट ठेवलं की पोचलो असं तिथं होत नाही, मायराड नावाच्या उडत्या जनावरावर बसून जावं लागतं. बाटल्या आणि जादू बेहिशेबी वापरली की आर्केन ज्वर चढतो, शंभर टक्क्यांवर गेला की खेळाडू मेला. हे सगळं छान आहे, पण पहिलाच मॉड म्हणून नको. परीक्षा जवळ असेल तर अजिबात नको.

माझं मत द फरगॉटन सिटी. जमिनीखाली ड्वेमर या लोप पावलेल्या जमातीचं जुनं शहर, आत अडकलेली थोडी माणसं, आणि एकच कायदा: एकानं गुन्हा केला तर शिक्षा सगळ्यांना. तू पोचतोस तेव्हा शहर आधीच संपलेलं असतं. मग काळात मागं जाऊन कुणी काय केलं ते शोधायचं. हाणामारी कमी, माणसांशी बोलणं जास्त. निक पिअर्स नावाच्या ऑस्ट्रेलियन वकिलानं २०१५ मध्ये हा मॉड काढला. २०१६ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियन रायटर्स गिल्डचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये त्याचीच रोमन काळातली स्वतंत्र गेम आली. ड्रॅगन नाही, हे कबूल. पण गोष्ट पाहिजे म्हणालास ना?

इंग्रजीचं म्हणशील तर सेटिंगमध्ये सबटायटलचे दोन पर्याय आहेत, एक संवादाचा आणि एक आजूबाजूच्या बोलण्याचा. दोन्ही चालू कर. आणि फझ रो डोह नावाचा छोटा मॉड टाक. काही चाहत्यांच्या लेव्हलमध्ये पात्रांना आवाजच दिलेला नसतो, तेव्हा वाक्य डोळ्यांसमोरून सर्रकन निघून जातं. हा मॉड रिकामा आवाज पुरवतो, त्यामुळे मजकूर वाचण्याइतका वेळ टिकतो. त्याला एसकेएसई (काही मॉड चालवायला लागणारं जादा सॉफ्टवेअर) लागतं, ते आधी घे.

परभणीवाला
बरं ताई, पहिला मॉड म्हणून नको, हे मान्य. शेवटचा म्हणून तरी राहू द्या.

देवगिरीकर
फार दिवस या लेव्हल खेळतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

लेव्हल चांगली की वाईट हे ओळखायला मी एकच परीक्षा घेतो. जर्नलमध्ये जाऊन क्वेस्टचा म्हणजे कामगिरीची वाट दाखवणारा बाण बंद करतो आणि बघतो, जागाच मला वाट दाखवते का? मूळ गेममधलं ब्लीक फॉल्स बॅरो हे जुनं थडगं आठव. शेवटच्या दारावर तीन चक्रं, प्रत्येकावर प्राण्यांची चित्रं, आणि उत्तर हातातल्या सोन्याच्या पंजाच्या तळव्यावर कोरलेलं: अस्वल, पतंग, घुबड. पंजा पिशवीतून काढून उलटा करून बघितला की झालं. कुणी समजावून सांगत नाही, पण फसवतही नाही. पुढं शेवटच्या दालनातून निघणारी वाट आल्या वाटेनं परत न नेता थेट बाहेर काढते. चाहत्यांच्या लेव्हलमध्ये हे दोन गुण शोधायचे, बाकी ग्राफिक्स वगैरे नंतर.

आमच्या देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, ज्यांनी पाहिलीय त्यांना पटकन कळेल. उजेडातून आत शिरलेल्या माणसाला वळणं समजू नयेत, तो चाचपडावा, अडकावा, म्हणूनच ती खोदली. शत्रूसाठी खोदली! नवखा मॉडवाला नेमका इथं चुकतो. चार बोळ सारखे काढायचे, मशाली विझवायच्या, आणि याला अवघड लेव्हल म्हणायचं. अरे, खेळणारा तुझ्या किल्ल्यावर चालून आलेला नाही, तूच त्याला बोलावलंयस.

आता नावं. फाल्सकार २०१३ चा. अलेक्झांडर वेलिकी नावाच्या १९ वर्षांच्या पोरानं स्कायरिम बनवणाऱ्या बेथेस्डाला आपलं काम दाखवायचं म्हणून शंभराच्या वर लोकांची मदत घेऊन हा अख्खा प्रदेश उभा केला. नोकरी मात्र त्याला बंजी या दुसऱ्या गेम कंपनीत लागली. गोष्ट दोन घराण्यांच्या भांडणाची, पुढं काय होणार ते अर्ध्यात कळतं. पण गावं, वाटा, गुहांची मांडणी एकदम साफ. बाण बंद ठेवूनही मी फारसा चुकलो नाही. दिसायला स्कायरिमचाच एखादा तालुका वाटतो, हे कुणाला आवडेल, कुणाला नाही.

तुझ्या मुद्द्याचा मॉड म्हणजे विर्म्सटूथ. ईस्ट एम्पायर कंपनीच्या व्यापाराच्या वाटेवर ड्रॅगन बसलाय, तो मारायचा ठेका तुला मिळतो. (नावावरूनच ओळखायचं, कंपनीला ड्रॅगनशी देणंघेणं नाही, मालाशी आहे.) त्यासाठी वेगळं बेट आहे, भटकायला ऐसपैस, आणि मुख्य गोष्ट सोडूनही उकरायला बरंच काही. यातली मजा अशी की ड्रॅगन पहिल्या भेटीत मरत नाही. त्याच्यामागं त्याच्या ठिकाणापर्यंत जावं लागतं. मूळ गेममध्ये ड्रॅगन शेवटी शेवटी माशीसारखे मारतो आपण. इथं एकाच ड्रॅगनला पुन्हा वजन येतं. दोष सांगायचा तर शेवटाकडचं थडगं फार लांबलंय. ड्रॉगर, दालन, पुन्हा ड्रॉगर. मला तिथं कंटाळा आला. लेखकानं मध्यंतरी हा मॉड काढून घेतला होता, आता परत मिळतो. मात्र घेताना स्पेशल एडिशनची फाइल घे. २०११ च्या जुन्या आवृत्तीची फाइल तुझ्यात सरळ टाकू नकोस.

मूनपाथ टू एल्स्वेअर फार जुना, २०१२ चा. जंगल, वाळवंट, हवेतलं जहाज, एका सुट्टीच्या दिवशी होऊन जाईल. सरळ एका रेषेत नेतो, डोकं लावायला काही नाही.

गंगाखेडचा_गण्या
ड्रॅगनच पाहिजे तर ट्रेनविझचा तो मॉड टाक की! आकाशातून ड्रॅगनऐवजी थॉमस नावाचं रेल्वे इंजिन येतं, डोळे वटारून, शिट्टी मारत. आमच्याकडं गाडीची वाट बघून लोक थकलेत अन् तिथं फुकट उडायलीय.

मांजराकाठचा
गण्या 😂 आमच्या धाकट्याला दाखवला तर तो मला मूळ गेम खेळूच देणार नाही.

देवगिरीकर सर, हे असं कुणी सांगावं म्हणूनच धागा काढला होता. दोन शंका. व्हिजिलंटचं नाव सगळीकडं दिसायलंय, ते कसं आहे? अन् खेळताना लाइट गेली तर सेव्हचं काय? लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झालीय, लगेच बसते.

देवगिरीकर
व्हिजिलंट हे व्हिकन नावाच्या जपानी मॉडवाल्याचं काम. मोलाग बाल या दुष्ट देवतेचं प्रकरण आहे, रक्त भरपूर, आणि मोठे शत्रू असे की पहिल्यांदा मरायचंच. जागांची कल्पना मात्र अफाट, मूळ गेममध्ये असं काही नाही. गोष्ट तुकड्यातुकड्यांत कळते, पुस्तकं आणि चिठ्ठ्या वाचाव्या लागतात, तुला वाचायला जमतंय म्हणजे चालेल. इंग्रजी आवाज मागाहून चढवलेत, त्यांची फाइल वेगळी असते, पेनड्राइव्ह भरताना तीही घे. पण विर्म्सटूथनंतर, आधी नको.

लाइटचं असं: ऑटोसेव्हवर विसंबू नकोस, नेमका तो लिहिताना वीज गेली तर फाइल खराब होते. स्वतः वेगळ्या वेगळ्या नावानं सेव्ह करत जा, जुनी पुसून त्याच जागी नको. नवा मॉड टाकण्याआधीची एक सेव्ह बाजूला ठेव. आणि सुरू केलेला मॉड अर्ध्यातून काढू नकोस. त्याच्या स्क्रिप्टचे (आतल्या सूचनांचे) अवशेष सेव्हमध्ये राहतात आणि मग कुठंतरी भलत्याच जागी गेम बंद पडते. स्टीमला खेळ उघडताना स्वतःहून अपडेट करू देऊ नकोस, २०२१ च्या अपडेटनं एसकेएसईवर चालणारे कितीतरी मॉड बंद पाडले होते. गावी जाण्याआधी स्टीम ऑफलाइन करून एकदा उघडून बघ.

शेवंता७२
उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नकोस, एवढं माझंही जोड. सावल्यांची प्रत आधी खाली आण, जुन्या कार्डाला सगळ्यात जड तेच जातं.

रझाकपूरवाला
पीएस४ कन्सोलवर यातलं काय चालेल?

देवगिरीकर
जवळजवळ काही नाही, दादा. पीएस४ वर मॉडला एकूण १ जीबीच जागा, आणि गेममध्ये आधीपासून नसलेली चित्रं, आकार, आवाज बाहेरून आणता येत नाहीत. नवी पात्रं नव्या आवाजात बोलणारे मॉड तिथं बसणार कसे? एक्सबॉक्सवर मर्यादा ५ जीबी आहे आणि बाहेरचं साहित्यही चालतं.

बोरीकाठ
आपल्याकडच्या जागांची लेव्हल कुणी का बनवत नाही? आमचा नळदुर्ग घ्या. बोरी नदीवर किल्ल्यालाच जोडून बंधारा, बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल, पावसाळ्यात नदी भरली की वरून धबधबा कोसळतोय आणि आपण आत महालात उभे. आदिलशाहीत बांधलेलं आहे हे. ड्रॅगन बुरुजावर बसवला की झालं काम! शिकायला किती अवघड आहे?

देवगिरीकर
बेथेस्डाचं क्रिएशन किट हे लेव्हल बनवायचं साधन फुकट आहे, तेच वापरतात सगळे. पण नळदुर्गानं सुरुवात करू नका. एक खोली, एक दार, एक शत्रू, एवढंच करा. नॅव्हमेश म्हणजे पात्रांना चालण्याची जमीन, ती हातानं आखावी लागते. ती चुकली की शत्रू भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. ड्रॅगन तर त्याहून हट्टी, उतरायला जागा नीट दिली नाही तर घिरट्याच घालत बसतो आणि खेळणारा खाली मान मोडून बघत राहतो. पाणीमहालाची कल्पना मात्र भारी आहे. वर पाणी, खाली दालन, आणि पाण्याच्या आवाजावरून वाट शोधायची. असं केलंत तर बाणाची गरजच नाही. जमलं तर टाका इथं, पहिला मी खेळतो.

परभणीवाला
अन् दुसरा मी. एंडेराल मध्येच थांबवून.

मांजराकाठचा
शनिवारी शहरात चाललोय. फरगॉटन सिटी, विर्म्सटूथ, फझ रो डोह अन् एसकेएसई एवढं उतरवून आणतो, जागा उरली तर फाल्सकार. एकच विचारायचं राहिलं. विर्म्सटूथ अन् फाल्सकार दोन्ही एकदम टाकले तर भांडतील का?

देवगिरीकर
दोघांची जमीन वेगळी आहे, सहसा भांडत नाहीत. तरी एकावेळी एकच टाक, गेम उघडून थोडं फिरून बघ, मग दुसरा. दोन्ही एकदम टाकलेस आणि गेम बसली तर दोष कुणाचा ते शोधत बसशील. आणि उतरवलेल्या झिप फायली पुसू नकोस, गावात परत कुठून आणणार?