इम्पॅक्ट प्लेअरने मॅच रंगते? नाय पटलं

काही जण म्हणतात की इम्पॅक्ट प्लेअरमुळे (म्हणजे मॅच चालू असताना एक खेळाडू बाहेर काढून त्याच्या जागी दुसरा घ्यायचा) आयपीएल जास्त रंगतदार झाली. रंगतदार कसली डोंबलाची! २०२३ला हा नियम आला आणि बॅटिंग-बॉलिंग दोन्ही करणाऱ्या ऑलराउंडरला कुणी विचारेनासं झालं, आठव्या नंबरपर्यंत बॅट्समन आहेत म्हटल्यावर पहिल्या बॉलपासून हाणामारी करायला कुणाच्या बापाचं काय जातंय. २०२४ला हैदराबादने बंगळुरूत २८७ केले, ते पण फक्त ३ विकेट घालवून, आणि कहर म्हणजे समोरच्यांनीही २६२ मारले. बॉलरने काय हात जोडून उभं राहायचं?

रोहित शर्मा तेव्हाच बोललेला की शिवम दुबे, वॉशिंग्टन सुंदरसारख्या ऑलराउंडरना बॉलिंगच मिळत नाही. (पुढच्याच सीझनला तो स्वतः मुंबईकडून इम्पॅक्ट म्हणून खेळला हा भाग वेगळा 😄) बीसीसीआयने मुश्ताक अली ट्रॉफीतून (देशांतर्गत टी-२० स्पर्धा) हा नियम काढला, आयपीएलमध्ये मात्र २०२७पर्यंत चालू, पैसा वसूल सिक्स पाहिजेत ना लोकांना.

आमचे बाबा तर दर मॅचला विचारतात, "अरे हा मगाशी बॅटिंग करत होता ना, फिल्डिंगला कुठे गेला?" समजावून समजावून दमलो, आता म्हणतो पाय मुरगळला त्याचा.