सेप्टिक टँक १४ वर्षांत एकदाही उपसली नाही, आता संडासचं पाणी तुंबायलंय

परभणीकर: नमस्कार मंडळी. टँक २०११ ला घरासोबतच बांधली, घरात आम्ही सहा जण. पाऊस लागल्यापासून संडासात पाणी ओतलं की वर येतंय मग हळूहळू उतरतंय, अंगणात वास यायलाय. वडील म्हणतात टँक दहा बाय आठ आहे, पन्नास वर्ष बघायचं काम नाही. एक ओळखीचा म्हणला रात्री दोन माणसं पाठवतो, बादलीनं काढतील, चार हजार द्या. दुसरा म्हणतोय अ‍ॅसिड टाका. काय करावं? बोअर पण अंगणातच आहे, शोषखड्ड्यापासून वीसेक फूट असंल.

लातूरचा_पाहुणा: भाऊ आधी त्या दोन माणसांना नाही म्हणा. आतला गॅस सडक्या अंड्यासारखा वास मारतो पण जास्त झाला की नाकाला कळतच नाही, माणूस पडतो, त्याला काढायला उतरलेला पण तिथंच राहतो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे अन् घरमालक पण सुटत नाही, पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद नाहीतर २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महापालिकेत सक्शन गाडीचं विचारा. मैला कुठं नेऊन टाकणार ते पण विचारा, नाहीतर रात्रीतून कुणाच्या तरी ओढ्यात जातो.

रिटायर्ड_ओव्हरशिअर: टँक मोठी म्हणजे उपसायची नाही, हा समज आपल्याकडं घरोघरी. आयएस २४७० मधे (सेप्टिक टँकचं भारतीय मानक) ५ माणसांना दीड मीटर बाय पाऊण मीटर अन् १ मीटर पाणी एवढंच माप दिलंय, पण ते दर २ वर्षांनी उपसायचं धरून. तुमची मोठी म्हणून इतकी वर्ष निभावलं. अ‍ॅसिड टाकू नका, जंतू मरतात अन् तेच तर मैला कुजवतात. उपसताना पार धुऊन काढू नका, तळाला थोडा जुना गाळ राहू द्या, लगेच पाणी भरा. बाहेर जायच्या पाइपाला टी (वर तरंगणारी घाण अडवणारा T आकाराचा जोड) आहे का तेवढं बघा. अन् झाकण उघडल्यावर जवळ विडी नको (एकाला मी काडी ओढताना धरलंय).

काळी_माती: मला तर शोषखड्डाच गेलेला वाटतोय. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगून गच्च होती, पाणी मुरतच नाही. उन्हाळ्यात भेगा पडल्या की वाटतं मस्त मुरायलंय, पण ते भेगांतून जातंय कुठं? बोअर १८ मीटर तरी लांब पाहिजे, म्हणजे साठेक फूट. न्हाणीचं अन् वॉशिंग मशीनचं पाणी टँकमधी सोडलं असंल तर आधी तोडा, परसात केळीला द्या.

परभणीकर: काल गाडी आली. झाकणच सापडंना, पोर्चच्या टाइल्सखाली गेलतं, दोन फोडल्या तवा दिसलं. टी बसवलेलाच नव्हता, सरळ पाइप, सगळी घाण वरच्या वर शोषखड्ड्यात. वडील गप्प आहेत. बोअरचं पाणी प्यायचं बंद केलं, तपासायला दिलंय.

रिटायर्ड_ओव्हरशिअर: छान. टी आता बसवूनच घ्या, अन् झाकणावर परत टाइल चिकटवू नका.

परभणीकर: काका टाइल मिस्त्रीनं सकाळीच बसवली ओ 🤦