एका एंटँगल्ड फोटॉनवरून नक्की किती बिट पाठवता येतात?

टीवाय_फिजिक्स: क्वांटम इन्फर्मेशन वाचतीये आणि अडकलीये. गणितज्ञ होलेव्होची १९७३ची मर्यादा म्हणते की एका क्यूबिटमधून (दोन पातळ्यांची क्वांटम वस्तू, इथे एक फोटॉन) फार तर एक बिट काढता येतो, मग सुपरडेन्स कोडिंगमध्ये एंटँगल्ड (क्वांटम पातळीवर एकमेकांशी जोडलेल्या) जोडीतला एक फोटॉन पाठवून दोन बिट कसे पोचतात? आणि पोलरायझेशनचा (प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेचा) कोन तर कितीही बारीक ठेवता येतो ना, मग त्यात अमर्याद माहिती का नाही मावत?

प्रकाशकण: कोन बारीक ठेवता येतो गं, पण वाचता येत नाही. फोटॉन मोजला की दोनातलं एकच उत्तर येतं आणि मूळ अवस्था गेली ती गेलीच. आता दोन बिटचं बघ, यात होलेव्हो मोडत नाही, कारण वाचताना तुझ्या हातात फोटॉन दोन असतात, जोडीतला एक आधीच पोचलेला, तेव्हा तर संदेश ठरलाही नव्हता. मी माझ्याकडच्या फोटॉनवर चारपैकी एक क्रिया करणार (काहीच न करणं ही पण त्यातलीच एक), त्यानं अख्खी जोडी चारपैकी एका बेल अवस्थेत (जोडीच्या एंटँगल्ड अवस्थांना हेच नाव) जाते, मग तो तुझ्याकडे पाठवला आणि तू दोन्ही मिळून मोजलेस की चार पर्याय, म्हणजे दोन बिट. ही कल्पना बेनेट आणि विझनरची, १९९२.

लेझरलॅब: हे कागदावर. प्रत्यक्षात नुसत्या बीम स्प्लिटर (प्रकाश दोन वाटांना विभागणारी काच) आणि आरशांनी चारही बेल अवस्था वेगळ्या ओळखता येत नाहीत. १९९६ला ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला हा प्रयोग पहिल्यांदा झाला त्यात तीनच संदेश ओळखू येत होते, म्हणून कमाल १.५८ बिट. यावरचा उपाय मला फार आवडतो, तेच दोन फोटॉन आणखी एका गुणधर्मातही एंटँगल करायचे, त्यावर संदेश काही लिहायचा नाही, तो फक्त चौघींना वेगळं ओळखायला मदत करतो! इलिनॉयच्या गटानं २००८ला ऑर्बिटल अँग्युलर मोमेंटम (प्रकाशलहरीचा पीळ) वापरून असेच १.६३ बिट गाठले.

टीवाय_फिजिक्स: भारी! मग दोनच्या वर जाताच येत नाही का? आणि जोडी आधीच वाटून ठेवली तर प्रकाशापेक्षा फास्ट मेसेज?

प्रकाशकण: वर जाता येतं की, पण क्यूबिट सोडावा लागतो. फोटॉनला दोनाऐवजी चार पातळ्या दिल्या तर थिअरीत चार बिट, चीनमधल्या गटानं २०१८ला तसं करून दोनच्या थोडं वर, २.०९ गाठलं. फास्ट मेसेज मात्र नाही, माझा फोटॉन तुझ्यापर्यंत यायलाच लागतो, तोवर तुझ्याकडचा एकटा मोजलास तर निव्वळ रँडम उत्तर येणार, मी इकडे काहीही केलेलं असो. चीनच्या मिसियस उपग्रहानं २०१७ला १२०० किमी लांबच्या दोन स्टेशनांना जोड्या वाटल्या त्या पण नुसत्या जोड्याच, त्यात संदेश नव्हता.