आयरिशमधे दूध म्हणजे ‘बान्य’, मग ‘वान्य’ आणि ‘मान्य’ काय आहे?

कॉर्कची_आई: मुलगी इथे आयर्लंडमधे कॉर्कला प्रायमरीत आहे, शाळेत आयरिश आहेच. दुधाला बान्य म्हणतात हे पाठ झालं पण पुस्तकात कधी वान्य दिसतं कधी मान्य, ती विचारते आणि मला सांगता येत नाही. नियम काय आहे? आणि हा शब्द आला कुठून, मिल्कशी तर काहीच जुळत नाही.

शब्दवेडा: ताई, शब्द एकच आहे. आपण दूध-दुधाला-दुधात करतो, आयरिशमधे शब्दाची सुरुवातही बदलते. ‘अन बान्य’ म्हणजे ते दूध, पण दुधाची किंमत म्हणायची तर ‘प्राइस अन वान्य’. या शब्दाचा शेवट षष्ठीत बदलतच नाही, म्हणून इथे ‘चा-ची-चे’चं काम तो ब चा व करतो, लिहिताना बी पुढे एच येतो. ‘लेश अन मान्य’ म्हणजे दुधासोबत, यात बी च्या आधी एम लिहितात आणि बी उच्चारायचा नाही. अजून एक, तिला हे नक्की सांगा, मधे ‘अन’ नसेल तर आधीच्या शब्दाचं लिंग बघायचं: कप पुल्लिंगी म्हणून ‘कुपान बान्य’, ग्लास स्त्रीलिंगी म्हणून ‘ग्लिन्य वान्य’.

जुनी_पोथी: कारण पण सांगते, मला हा भाग फार आवडतो. फार पूर्वी आधीच्या शब्दाच्या शेवटी स्वर असायचा, दोन स्वरांमधे सापडलेलं व्यंजन मऊ झालं, आणि जिथे शेवटी अनुनासिक होतं तिथे ब चा म झाला. पुढे ते शेवट झिजून गेले पण परिणाम तसाच राहिला.

आता उगम. जुन्या आयरिशमधे हा शब्द ‘थेंब’ या अर्थाचा होता, ब्रेटनमधे (फ्रान्समधली आयरिशच्या नात्यातली भाषा) त्याचा भाऊबंद ‘बान्ने’ आजही थेंब किंवा घोटभर पेय. दुधाला तेव्हा वेगळे शब्द होते, ‘म्लिख्त’ वगैरे, आणि लॅटिनमधून आलेला ‘लाख्त’. मिल्कचं नातं शोधायचं तर क्रियापद बघा: दूध काढणे म्हणजे ‘ब्ली’, जुनं रूप म्ल ने सुरू व्हायचं, ते आणि मिल्क एकाच मुळातले.

कॉर्कची_आई: वा, षष्ठीचं आत्ता डोक्यात बसलं! पण तिच्या डोनेगलच्या मैत्रिणीची आजी ‘लेश अन वान्य’ म्हणते, मग ते चूक का?

शब्दवेडा: अजिबात नाही, डोनेगल अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतात येतं, आणि अल्स्टरच्या बोलीत तिथे व च होतो. प्रमाण भाषेत दोन्ही चालतं, पण शाळेच्या पेपरात तिने पुस्तकातलं मान्यच लिहावं.