सरकारच्या ओटीत वाढणारी मुलं : तुमचे अनुभव लिहा

अबोली :
आज धाकट्याला घेऊन सलूनमध्ये बसले होते, शेजारी आठेक वर्षांचा मुलगा, केस पार डोळ्यांवर, आणि एकदम आमच्याकडे फॉस्टरला, म्हणजे सरकारतर्फे काही काळ सांभाळायला, आलेला पहिला मुलगा आठवला. आम्ही इंग्लंडात, मिडलँड्समध्ये. शुक्रवारी संध्याकाळी सोशल वर्करचा फोन आणि दोन तासांत मुलगा दारात. ताटात धड काही खायचा नाही पण उशीच्या खोळीत बेसनाचे लाडू सापडायचे. रागवायचं नाही हे ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं, म्हणून त्याच्या खोलीत डबाच भरून ठेवला, हा तुझा, कधीही खा. काही आठवड्यांनी लपवणं थांबलं. पण केस! रोज म्हणायचा कापायचेत आणि मला परवानगी नाही, कारण तो आईच्या संमतीने केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखभालीत आलेला, म्हणजे पालक म्हणून हक्क आईकडेच. सोशल वर्करला ईमेल केली तर ती रजेवर, तिच्या जागी दुसरी आली, तिने फाइल वाचलेली नाही. अकरा दिवस लागले. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, या मुलांची ‘कॉर्पोरेट पेरेंट’, म्हणजे संस्थारूपी पालक म्हणतात, इंग्लंडात अशी ८० हजारांवर मुलं आहेत. पण कोणती आई साध्या केसांसाठी पोराला अकरा दिवस थांबवते? लिहा तुमचेही, इथले तिथले कुठलेही.

मोगरा७२ :
अगं लाडवाचं वाचून पोटात कालवलं. एवढंसं पोर.

शाळावाली :
मी शाळेत टीए, म्हणजे शिक्षकांची मदतनीस आहे. केअरमधल्या प्रत्येक मुलाचा पीईपी असतो, त्याच्या शिक्षणाचा वेगळा प्लॅन, दर टर्मला मीटिंग, कौन्सिलच्या व्हर्च्युअल स्कूलचं, म्हणजे या मुलांच्या शिक्षणावर लक्ष ठेवणाऱ्या विभागाचं, माणूस येतं, जादा पैसेही मिळतात, आमच्या एकीला त्यातून गिटारचा क्लास लावला. चांगलंच आहे हो सगळं. पण मीटिंगसाठी तिला गणिताच्या तासातून उठवून न्यायचे, सगळा वर्ग बघतोय, परत आल्यावर मुली विचारणार कुठे गेली होतीस. ती सांगायची दाताच्या डॉक्टरकडे. वर्षातून तीनदा दात! मी भांडून मीटिंग शाळा सुटल्यावर घ्यायला लावली. माझ्या नोकरीतलं मला सगळ्यात आवडलेलं काम हेच.

सुगरण_यूके :
अबोली, तिकडे लाडूचं बेसन कुठलं घेतेस? माझे टाळ्याला चिकटतात.

अबोली :
जाडसर दळलेलं मिळतं बघ इंडियन दुकानात, लाडू बेसन म्हणूनच. बारीकच असेल तर मूठभर रवा घाल.

माणदेशी :
आमच्याकडची गोष्ट. कोविडमध्ये शेजारची लेक आणि जावई दोघं गेले, दोन नातवंडं आजीच्या पदरात. बालसंगोपन योजना आहे महाराष्ट्रात, मुलाला संस्थेत न टाकता नातेवाइकांकडे ठेवायचं आणि महिन्याला पैसे, तेव्हा ११०० होते, नंतर २२५० केले. पण आजींना कोण सांगणार? अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. मग मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाइड, गृहभेट, बालकल्याण समितीपुढे हजर राहायचं, तालुक्याहून जिल्ह्याला तीन खेपा, प्रत्येक खेपेला आजींची मजुरी बुडाली. हप्ता आला तोही सात महिन्यांनी एकदम. आजींनी पहिली काय घेतली तर पोरीला सायकल.

मोगरा७२ :
सायकल 🙏 शाळा लांब असेल ना दादा?

माणदेशी :
चार किलोमीटर.

पाखरू :
मी स्वतः बालगृहात वाढलोय. अठरावा वाढदिवस सगळ्यांना हवा असतो, आम्हाला नको असायचा. त्या दिवसापासून तुम्ही बाहेरचे. अनुरक्षणगृहात, म्हणजे अठरानंतरच्या मुलांसाठीच्या गृहात, २१ पर्यंत राहता येतं, पण ते सगळीकडे कुठे आहे. मला सरांनी आधीच अनाथ प्रमाणपत्र काढून दिलं होतं, २०१८ला अनाथांना १ टक्का आरक्षण आलं त्यात ते उपयोगी पडलं. माझ्याबरोबरच्या दोघांकडे नव्हतं. एक आता कुठे आहे माहीत नाही.

अबोली :
पाखरू, लिहिलंस हे फार बरं केलंस रे.

बसस्टॉप :
मी कौन्सिलकडे पर्सनल ॲडव्हायझर आहे, केअरमधून बाहेर पडलेल्यांसाठी, २५ वर्षांपर्यंत आम्ही असतो. फॉस्टर घरी २१ पर्यंत राहता येतं दोघांची इच्छा असेल तर, नसेल तर फ्लॅट. घर लावायला ३००० पाउंड मिळतात, ऐकायला खूप वाटतात, पण कौन्सिलचा फ्लॅट म्हणजे नुसत्या भिंती, खाली कार्पेटसुद्धा नाही, स्वयंपाकाची शेगडी नाही, फ्रिज नाही. परवा एका मुलीला चावी दिली, ती मधोमध उभी राहून म्हणाली, इथे रात्री आवाज कुणाचा येणार? मी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी माझा जुना रेडिओ नेऊन दिला. नियमात बसतं का बघितलं नाही.

ऊसतोड_बीड :
मुलं सरकारकडे जायच्या आधीच वाचवता येतात बरं का. गावागावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच अध्यक्ष, बऱ्याच ठिकाणी फक्त कागदावर. आमच्याकडे साखर कारखाना सुरू व्हायच्या आधी लग्नं उरकतात, ऊसतोडीच्या कोयत्याला नवराबायकोची जोडी लागते म्हणून, आणि मागे घरी पोर एकटी ठेवायची भीती. नववीतल्या मुलीचं ठरलेलं, तिच्या मैत्रिणीनेच १०९८ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावला, ग्रामसेवक आले, लग्न थांबलं. पण खरं काम त्यानंतरचं. मुलीला ठेवायचं कुठे? आईबाप तर सहा महिने फडावर. शेवटी हंगामी वसतिगृहात जागा मिळाली. दहावी झाली ती.

शाळावाली :
त्या मैत्रिणीचं नाव कुणाला कळू दिलं नाहीत ना?

ऊसतोड_बीड :
नाही. अजून कुणाला माहीत नाही.

नवी_आई :
कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत टाइप करतेय. आमचं फॉस्टरिंगचं पॅनल, म्हणजे मंजुरीसाठीच्या समितीची बैठक, पुढच्या आठवड्यात आहे, सहा महिने असेसमेंट चाललं, माझं बालपण, भांडणं, सासूबाई, सगळं विचारून झालं. आता धडधडतंय. अबोलीताई, पहिल्या दिवशी काय करू?

अबोली :
अगं छान! प्लेसमेंट मीटिंगला, म्हणजे मूल तुझ्याकडे ठेवतानाच्या बैठकीला, डेलिगेटेड ऑथॉरिटीचा, कशाची परवानगी कोण देणार त्याचा कागद समोर घेऊन बस आणि एकेक ओळ विचार, केस, शाळेची सहल, मैत्रिणीकडे रात्री राहणं, फोटो. कोण हो म्हणणार ते तिथेच लिहून घे, नंतर बघू म्हणू नकोस. आणि मूल आल्यावर लगेच घर दाखवत फिरू नको, बाथरूम आणि फ्रिज दाखव, दिवा रात्रभर चालू ठेवला तरी चालेल सांग. लाडू कर. सुगरणला विचार, तिचे आता चिकटत नसतील 🙂